परवानगी एप्रिलात आली, बायका सप्टेंबरात: डिचोलीच्या एका काजू कारखान्याचं प्रकरण

डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या नाक्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर, आमचा काजूचा कारखाना आहे. मी तिथे हजेरी, पगार, पीएफ, जीएसटी असं सगळं ऑफिसचं बघते. २०२० च्या लॉकडाऊननंतर कारखाना परत कसा उभा राहिला ते सगळं एका जागी लिहून ठेवायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण अजून लोक म्हणतात की सरकारने परवानगी दिली आणि कामं सुरू झाली, एवढं सोपं. आमच्याकडे परवानगी एप्रिलातच आली होती. दोन्ही बाजूंच्या बायका परत यायला सप्टेंबर उजाडला. मधल्या साडेचार महिन्यांत काय अडलं आणि कशाने सुटलं ते सांगते.

आधी कारखाना समजून घ्या. सोलणी आणि ग्रेडिंगला मिळून ४६ बायका. त्यातल्या २५ गोव्याच्या, साळ, मेणकुरे, लाडफे या बाजूच्या, आणि २१ दोडामार्गच्या बाजूच्या, म्हणजे कागदावर महाराष्ट्राच्या. रोज सकाळी यायच्या, संध्याकाळी जायच्या, मध्ये राज्याची हद्द आहे हे मार्च २०२० पर्यंत कुणाच्या लक्षात सुद्धा नव्हतं. फोडणीला, म्हणजे बी फोडायला, दहा जण, त्यात सहा बायका आणि चार झारखंडची मुलं. बॉयलर आणि बोर्मावर, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीवर, पाच पुरुष.

काम असं चालतं. बी उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची, मग वाफेवर शिजवायची, रात्रभर निवू द्यायची, फोडून गर काढायचा, तो बोर्मात सुकवायचा आणि मग वरची लाल साल हाताने सोलायची. शेवटी ग्रेडिंग. पाऊंडात साधारण ३२० गर बसतात तो डब्ल्यू ३२०, त्याहून मोठा २४०, २१०, १८०. अख्ख्या गराला भाव, पाकळी झाली, म्हणजे गराचे दोन भाग झाले, की भाव पडला, तुकडा झाला की अजून पडला. म्हणजे धंद्याचा सगळा नफा सोलणाऱ्या बाईच्या बोटांत असतो, हे मी उगाच कौतुक म्हणून नाही म्हणत, हिशोबाची वही बघून म्हणतेय. आणि बी मिळते फक्त मार्च ते मे. वर्षभराचा माल त्या अडीच-तीन महिन्यांत विकत घेऊन, वाळवून, पावसाआधी गोदामात टाकावा लागतो.

लॉकडाऊन बरोबर त्याच वेळी लागला. २२ मार्चचा जनता कर्फ्यू झाला आणि गोवा पुन्हा नीट उघडलाच नाही, पहिले काही दिवस तर किराणा दुकानं पण बंद होती, लोक तांदळासाठी फिरत होते. २५ मार्चपासून देशभर बंद. आमच्या गोदामात तीन आठवड्यांची खरेदी पडलेली आणि शेवटचा लॉट ओला, गोणीतच. ओली बी गोणीत राहिली की आतून तापते, बुरशी धरते, गर काळा पडतो. शेठ, वयनी आणि त्यांचे दोन मुलगे रोज सकाळी गोण्या ओढून अंगणात बी पसरायचे आणि दिवस मावळताना गोळा करायचे, सोबतीला फक्त वॉचमन. धाकटा मुलगा बारावीचा, त्याच्या हाताला फोड आले होते.

पगाराचा प्रश्न लगेच आला. २९ मार्चला केंद्राचा आदेश निघाला की लॉकडाऊनच्या काळात कामगारांचा पगार न कापता द्यायचा. महिन्याच्या पगारावर असलेल्यांचं ठीक, पण आमच्या बायका किलोवर. जेवढं सोललं तेवढे पैसे. मग काही सोललंच नाही तर पूर्ण पगार म्हणजे किती? आदेशात याचं उत्तर नव्हतं. मी डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची प्रत्येकीची सरासरी काढली आणि शेठना दाखवली. त्यांनी मार्चचे पूर्ण दिले, एप्रिलचे निम्मे दिले आणि सांगितलं की यापुढे बी घ्यायलाच पैसे उरत नाहीत. मला त्यावेळी त्यांचा राग आला होता. नंतर बँकेचं स्टेटमेंट मी स्वतः बघितलं तेव्हा कळलं की माणूस खोटं बोलत नव्हता. तो आदेश पुढे १८ मेपासून मागे घेतला गेला आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टाने मालक-कामगारांनी बोलून तोडगा काढावा असं सांगितलं. आम्ही तोपर्यंत आमचं बोलणं केलं होतं, पण ते पुढे येईल.

१५ एप्रिलच्या केंद्राच्या नियमावलीत चहा, कॉफी, रबर यांच्या जोडीला काजूचं नाव चक्क लिहिलेलं होतं, प्रक्रिया, पॅकिंग, विक्री सगळं चालेल, कामगार जास्तीत जास्त ५० टक्के, २० एप्रिलपासून. तेव्हा गोव्यातले सातही पेशंट बरे झाले होते, १ मेला तर राज्य ग्रीन झोन झालं. आम्हाला वाटलं सुटलो. पास काढले, २३ जणींना बोलावलं, पहिल्या दिवशी ११ आल्या.

बाकीच्या का नाही आल्या हे विचारायला मी स्कूटर घेऊन साळला आणि मेणकुऱ्याला घरोघरी गेले, कारण फोनवर बायका खरं सांगत नाहीत, "बघते गो" म्हणतात आणि फोन ठेवतात. बस बंद, हे पहिलं. आमची गाडी होती पण नियमाप्रमाणे ३०-४० टक्केच माणसं बसवायची, म्हणजे ती तीन फेऱ्या मारणार आणि शेवटच्या फेरीतली बाई कामावर पोचेपर्यंत दहा वाजणार. भीती तर होतीच, घरात सासू-सासरे म्हातारे. पण तिसरं कारण मला एका काकींनी उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं. म्हणाल्या, पाच तास बसणार, सहा किलो सोलणार, त्याचे पैसे किती होतात ते तूच लिहितेस ना वहीत, मग मला का विचारतेस?

त्या बरोबर होत्या. आधी एका टेबलाला आठ जणी, गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. अंतर ठेवायचं तर टेबलाला तीन. म्हणून आम्ही दोन बॅच केल्या होत्या, साडेसात ते साडेबारा आणि दीड ते साडेसहा, मध्ये एक तास साफसफाई. कागदावर सुंदर दिसत होतं. सराईत बाई पूर्ण दिवसात दहा किलोच्या आसपास सोलते, पाच तासांत सहा. म्हणजे येण्याजाण्याची कटकट पूर्ण आणि कमाई साठ टक्के. हे टाइमटेबल शेठनी आणि मी ऑफिसात बसून बनवलं होतं, एकाही बाईला न विचारता, आणि दोन आठवडे ते तसंच रेटलं ही आमची चूक.

दुसरी चूक सॅनिटायझरची. फोडणीला बसणाऱ्या बायका हाताला एरंडेल लावतात, कारण टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. आम्ही दारात सॅनिटायझर ठेवला आणि आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी लावायची सक्ती केली. स्पिरिटने एरंडेलाचा थर निघून जायचा आणि मग टरफलाचं तेल थेट कातडीवर. चौथ्या दिवशी एक बाई ऑफिसच्या खिडकीशी आली आणि दोन्ही तळवे काचेला लावून दाखवले. बोटांच्या पेरांवर काळे डाग होते आणि मधे मधे साल निघालेली, लाल. "बाय, हे लावलं की हात पेटतात गो," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर नळावर साबण ठेवला, आत जाताना धुवायचं, पुसायचं, मग एरंडेल, आणि काम संपेपर्यंत हाताला दुसरं काही नाही. सॅनिटायझर गेटवर आणि ऑफिसात. सोलणीला तर तो नकोच होता, गराला वास लागतो. कुठल्याही कारखान्याने नियमाचा कागद भिंतीवर लावण्याआधी एकदा कामगाराच्या हाताकडे बघावं असं मला फार मनापासून वाटतं.

मग मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही अंगणात सगळ्यांना लांब लांब बसवून विचारलं. बहुतेक जणी म्हणाल्या की अर्धा दिवस नको, एक दिवस आड पूर्ण दिवस द्या. एकदाच यायचं, आठ तास करायचे, मधला दिवस घरी. जूनात लावणी सुरू होते, मधला दिवस शेतात जाईल. इतकी साधी गोष्ट. गाडीच्या फेऱ्या पण निम्म्या झाल्या.

पण दिवसाआड आलं तरी आठवड्याची कमाई निम्मीच की. इथे शेठशी माझं खरं वाजलं. त्यांचं म्हणणं, विक्री नाही, पणजी-म्हापसा-कळंगुटची दुकानं पर्यटकांवर चालतात, पर्यटक नाहीत, मी किलोचा दर कसा वाढवू? माझं म्हणणं, दर वाढवूच नका, दराची पद्धत बदला. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येकीच्या जुन्या सरासरी रोजाच्या ६० टक्के रक्कम कामावर आलं की नक्की, ती हजेरी. वर किलोचा दर पूर्वीच्या निम्मा. आणि घरी बसायच्या दिवसाचे २५ टक्के, तीन महिन्यांसाठी. किमान वेतनाच्या खाली कुणी जात नाही हे मी नाव घेऊन घेऊन तपासलं. दहा किलो सोलणाऱ्या बाईला कामाच्या दिवशी जुन्या रोजाच्या ११० टक्के, घरच्या दिवशी २५, म्हणजे तीन आणि तीन दिवस धरून आठवड्याला जुन्या कमाईच्या साधारण दोन तृतीयांश. एक पान मराठीत लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे.

पुढच्या सोमवारी गोव्याच्या २५ पैकी २२ जणी आल्या. आणि जे शेठना अपेक्षित नव्हतं ते ग्रेडिंगला दिसलं. किलोवर असताना बाई घाई करते, चिकटलेली साल नखाने खरवडते आणि गर फुटतो. आता घाई कमी झाली. मेच्या शेवटच्या आठवड्यात तुकड्याचे रोज दोन डबे भरायचे ते एकावर आले. हजेरीचे पैसे काही प्रमाणात तिथूनच निघत होते, हे वहीत आकड्याने दाखवल्यावर शेठचा विरोध संपला. झारखंडची चार मुलं मात्र श्रमिक गाड्या सुरू झाल्यावर निघून गेली, त्यातली दोन दिवाळीनंतर परतली, दोघांचा फोन लागत नाही.

आता दोडामार्गच्या २१ जणी. त्यांचं दुःख वेगळंच. नाक्यावर बॅरिकेड. गोव्यात शिरायचं तर निगेटिव्ह दाखला, नाहीतर २००० रुपये भरून चाचणी, नाहीतर १४ दिवस घरात बसायचं. रोज जाऊन-येऊन करणाऱ्या बाईला यातलं काहीच शक्य नाही. २ जुलैला हॉटेलं उघडली, दिल्ली-मुंबईचा पर्यटक दाखला घेऊन येऊ लागला, आणि जिचं माहेर नाक्याच्या या बाजूला आणि सासर त्या बाजूला ती बाई अडकलेली. हे मला आजही टोचतं. साथ थांबवायची होती हे मान्य, पण रोजच्या मजुरीवाल्यासाठी एखादा वेगळा पास निघायला हवा होता.

माणसं अडत होती पण मालाच्या गाड्या सोडत होते, आणि तिथूनच वाट निघाली. पहिला विचार गर त्यांच्या घरी पाठवायचा होता. मीच नको म्हंटलं, कारण खाण्याचा माल, आपलं एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेचं, लायसन्स कारखान्याच्या पत्त्यावर आहे, घराघरांत सोललेल्या गराची जबाबदारी कोण घेणार. शिवाय पावसात गर हवेतलं पाणी ओढतो, मऊ पडतो आणि साल परत चिकटते, बोर्मातून काढलेला माल बंद डब्यात हवा आणि पटकन सोलायला हवा. मग शेठनी दोडामार्गमधल्या एका छोट्या युनिटवाल्याशी बोलणं केलं. त्याचं स्वतःचं लायसन्स होतं, शेड होती, छोटा बोर्मा होता, आणि घेणारा व्यापारी गप्प बसल्याने सगळं बंद पडलेलं. आमचा गर, त्याची शेड, आमच्याच बायका.

हे जॉबवर्क, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडे कामापुरता पाठवणं, जीएसटीत बसतं, डिलिव्हरी चलनावर माल पाठवायचा, वर्षाच्या आत परत आणायचा. एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते ती सांगते, दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल जात असेल तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल, लागतं. पहिल्याच दिवशी आम्ही चलन केलं, ई-वे बिल केलं नाही, गाडी नाक्यावर तीन तास उभी राहिली आणि मी ऑफिसात बसून घामाघूम होत पोर्टलवर बिल बनवत होते. जूनच्या मध्यापासून आठवड्याला दोन गाड्या, हजेरीचा तोच करार त्यांनाही लागू. २१ पैकी १७ जणी लागल्या.

पैशाचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबले, व्याज चालूच होतं. मेमध्ये जाहीर झालेल्या छोट्या उद्योगांच्या कर्ज योजनेत, २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के नवीन, तारण नको, पहिलं वर्ष फक्त व्याज, ते आम्हाला जुलैत मिळालं. तोपर्यंत बीचा मोसम संपला होता, त्यामुळे खरेदी उधारीवर आणि वयनींच्या दागिन्यांवर झाली होती, कर्जाने दागिने सोडवले. पीएफचं मात्र मला खूप वाईट वाटतं. शंभरच्या आत कामगार आणि ९० टक्के लोकांचा पगार १५ हजारांच्या आत असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून २४ टक्के सरकार भरणार होतं, सहा महिने. आम्ही बसत होतो. पण त्याला यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, आधारशी जोडलेला लागत होता, आणि आमच्या एकोणीस बायकांचं आधार माहेरच्या नावाने, पीएफ सासरच्या नावाने. नाव दुरुस्तीचं जॉइंट डिक्लेरेशन भरा, कागद जोडा, साइट बंद पडते, परत भरा. अकरा जणींचं वेळेत झालं, आठ जणींचे पहिले दोन महिने गेले. लग्नानंतर नाव बदललं म्हणून बाईचे हक्काचे पैसे बुडतात हे मी माझ्या हातांनी होताना बघितलं, तेव्हापासून नवीन बाई लागली की पहिल्याच दिवशी तिचं आधार आणि पीएफचं नाव मी जुळवून घेते.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, त्या वर्षी २२ ऑगस्टला होती. दरवर्षी चवथीच्या आधी बायकांना उचल देतो. दोडामार्गच्या बायकांनी सांगितलं, खात्यात टाकलेत तर एटीएमला रांग आणि बाजारात जायला गाडी नाही, रोख मिळाले तर बरं. मग शेठ आणि मी पाकिटं घेऊन नाक्यावर गेलो. पाऊस बारीक पडत होता. बायका पलीकडे छत्र्या घेऊन उभ्या, आम्ही अलीकडे. पोलिसांना सांगितलं, त्यांनी मधल्या बॅरिकेडवर एक खुर्ची आणून ठेवली. मी नाव घ्यायची, पाकीट खुर्चीवर ठेवून मागे व्हायची, ती बाई पुढे येऊन उचलायची. एकीने पाकीट घेतलं आणि त्याच खुर्चीवर केळीच्या पानात बांधलेली पातोळी ठेवून गेली. मी गाडीत बसून रडले.

१ सप्टेंबरला हद्द उघडली. सकाळी सात वाजता गेटवर स्कूटरींची रांग. २१ पैकी १८ आल्या, तिघी नाही आल्या, एकीला गावातच अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं आणि दोघींनी दोडामार्गच्या त्याच शेडमध्ये राहायचं ठरवलं, घराजवळ पडतं म्हणून. चांगलंच झालं त्यांचं.

जानेवारी २०२१ ला शेठ परत पूर्ण किलोवर जाऊया म्हणाले. विक्री सुधारत होती, सगळ्या बायका रोज येत होत्या, घरच्या दिवसाचे २५ टक्के तर ऑगस्टातच संपले होते. चांगल्या वेगाच्या सात-आठ जणींना पण किलोच हवा होता, त्यांना हजेरीत तोटा वाटायचा, आणि वयस्कर बायकांना हजेरी हवी होती. दोन दिवस भांडणं झाली, काम पण थांबलं. शेवटी हजेरी ४० टक्के आणि किलोचा दर थोडा वर, असा मध्य निघाला. माझ्या मते ५० ला थांबायला हवं होतं, पण माझं कुणी ऐकलं नाही.

मग ९ मे २०२१. गोव्यात कर्फ्यू, आणि १० मेपासून हायकोर्टाच्या आदेशाने गोव्यात येणाऱ्याला परत निगेटिव्ह दाखला. यावेळी आम्ही थांबलो नाही. दोडामार्गच्या शेडला फोन गेला, जुनं चलनाचं पुस्तक बाहेर काढलं, तिसऱ्या दिवशी ई-वे बिलासकट गाडी नाक्यापलीकडे होती.

पण तो महिना गोव्यात सगळ्यात वाईट होता. आमच्या ग्रेडिंगच्या एक ताई त्यात गेल्या, साळच्या, आमच्याकडे चौदा वर्षं होत्या, नवरा आधीच वारलेला, घरात कॉलेजला जाणारी मुलगी एकटी. त्याच महिन्याच्या शेवटी ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, कोविड रिलीफ योजना जाहीर झाली, कामगार कोविडने गेला तर अवलंबितांना दर महिन्याला पैसे. अट अशी होती की आजाराआधीच्या वर्षात किमान ७० दिवसांची वर्गणी हवी. पूर्वीच्या आमच्या वहीत सोलणी-ग्रेडिंगच्या बायकांपुढे फक्त किलो लिहिलेले असायचे, दिवस नाहीत, आणि किलोवरून दिवस सिद्ध करताना दुसऱ्या कारखान्यांतल्या माझ्यासारख्यांची काय दमछाक झाली ते मी ऐकलंय. मे २०२० पासून आमच्याकडे हजेरीचं रजिस्टर होतं. मी त्यांच्या नावापुढचे दिवस मोजले, तारखेनिशी, त्यांच्या सहीनिशी, ७० च्या खूप वर होते. झेरॉक्स काढल्या, मुलीला मागे बसवलं आणि फॉर्म द्यायला आम्ही दोघी गेलो. मुलगी वाटेत त्या झेरॉक्सवरच्या आईच्या सह्या बघत होती. ऑक्टोबरात तिच्या खात्यात पहिला हप्ता जमा झाला.